कलम आठ

सगुणाक्कांनी कागद दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. माझा घोटाळा झाला तो तिथंच.

तोवरचा माझा अनुभव असा, की संमतीपत्र कुणी वाचत नाही. करंजाळमध्ये आल्यापासून पाच आठवड्यांत माहिती घेण्याआधी मी एकतीस बायकांपुढं तो कागद ठेवला होता आणि एकतीस जणींनी एकच विचारलं होतं, सही कुठं करू? सगुणाक्का बत्तिसाव्या. पण गावातल्या ‘सोबतीण’ या संस्थेच्या साक्षरता वर्गाच्या पहिल्या तुकडीतल्या. अक्षर दिसलं की वाचायचं, ही त्यांची खोड. गावातल्या शेळ्यांना त्या लस टोचायच्या, आणि बाटलीवरचं लेबल आधी शेळीला वाचून दाखवतात अशी त्यांची चेष्टा चालायची.

दारातल्या बाजेवर बसून, ओळीखाली बोट सरकवत त्या सात कलमं उतरल्या. मी पेनाचं टोपण काढून तयार. आठवं कलम मात्र त्यांनी दोनदा वाचलं.

“‘मी दिलेली माहिती मी केव्हाही, कोणतेही कारण न सांगता, परत घेऊ शकते. त्यामुळे मला संस्थेकडून मिळणाऱ्या मदतीत खंड पडणार नाही.’” त्यांनी मान वर केली. “ताई, हे खरं हाय, का नुस्तं छापलंय?”

“खरं आहे की. नियमच आहे तसा.”

“आदी दिलेलं बी परत घेता येतंय?”

“येतं,” मी छातीठोकपणे सांगितलं. माझा स्वभावच तसा होता आणि अजून आहे. नक्की ठाऊक नसलं तरी माझा आवाज खाली येत नाही.

“मग मला माजी गोष्ट परत पायजे,” सगुणाक्का म्हणाल्या. सही न करताच त्यांनी कागदाची घडी घातली आणि कनवटीला खोचली.

हे दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीतलं. मी तेवीस वर्षांची होते आणि स्वयंसेवी संस्थांचं व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होते. आमचं घर इचलकरंजीचं, यंत्रमागवाल्या कोष्ट्यांचं. चार माणसांचं भलं करायला कॉलेज कशाला लागतं, असं वडील येईल त्या पाहुण्यासमोर विचारायचे. मी म्हणायचे, भलं करायला नाही लागत, भलं करणाऱ्या चाळीस माणसांना एका दिशेला चालवायला लागतं. वडील मान डोलवायचे, पण पटायचं नाही त्यांना.

विश्वस्त मंडळ कसं चालवायचं, कायदे काय, कामाचं मूल्यमापन कसं करायचं, असं सगळं आम्हांला होतं. पण त्यातला माझा जीव की प्राण असा विषय एकच, सबनीस मॅडमचा. डॉ. अनुराधा सबनीस. ज्यांच्यासाठी संस्था चालवायची त्या माणसांशी कसं वागायचं, हे त्या शिकवायच्या. संमतीपत्राचा नमुना त्यांचाच. आठवं कलम तर त्यांनी आमच्याकडून दहादा हातानं लिहून घेतलं होतं, शाळेतल्या शिक्षेसारखं. त्या विषयाच्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले. माझ्या पहिल्या केस स्टडीवर मात्र त्यांनी बारीक, उभ्या अक्षरांत शेरा मारला होता: ‘शेवट कमकुवत वाटतो.’ तीन शब्द. त्या तीन शब्दांवर मी वर्षभर धुमसत होते.

केस स्टडी म्हणजे एका माणसाची खरी हकीकत, संस्थेच्या कामासकट लिहिलेली. आमच्या विभागाच्या संग्रहात अशा तीस होत्या आणि त्यातली सातवी सगळ्यांना पाठ. ‘काठावरची सगुणा’. नवऱ्यानं हाकललेली वीस वर्षांची सगुणा दोन वर्षांच्या लेकीला विहिरीच्या काठावर ठेवून उडी टाकते. दोन मेंढपाळ तिला वर काढतात. गावातली बालवाडीची बाई, लीलाताई, तिला घरात घेते, आणि त्या दोघींतून ‘सोबतीण’ ही एकट्या बायकांची संस्था उभी राहते. संग्रहात लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, फक्त ‘विद्यार्थी, १९९१’ एवढंच. ती वर्गात वाचली तेव्हा मी रडले होते, आणि मी काही उठसूट रडणारी नाही. म्हणून तर क्षेत्रकार्यासाठी मी हट्टानं जत तालुक्यातलं करंजाळ मागून घेतलं. पंधरा वर्षांनंतरची सगुणा मी लिहिणार होते आणि शेवट असा दणदणीत करणार होते, की मॅडमनी शेरा मागं घ्यावा.

शनिवारी मॅडम पहिल्या वर्षाचे बावीस विद्यार्थी घेऊन करंजाळला येणार होत्या. दरवर्षी दुसरे सर यायचे. यंदा ते रजेवर होते म्हणून मॅडम. चहा झाला की सगुणाक्कांनी अंगणात बसून गोष्ट सांगायची, हा कार्यक्रम ठरलेला. पाहुणे आले की सोबतीणमध्ये असंच चाले. आणि आज बुधवार होता.

परत का हवी, असं मी विचारलं. कारण न सांगता असं कलमात लिहिलंय, हे त्यांनी मला सुनावलं. मग जरा वेळानं आपणहून सांगितलं.

त्यांची कांचन मिरजेला नर्सिंगच्या वसतिगृहात होती. दिवाळीच्या सुमारास तिथं बचत गटांचं प्रदर्शन भरलं. सोबतीणनं त्यात पुरुषभर उंचीचा फलक लावला, सगुणाक्कांचा फोटो आणि खाली चार ओळींत गोष्ट. कांचन मैत्रिणींबरोबर हिंडत हिंडत त्या फलकासमोर आली. बापानं दोघींना घराबाहेर काढलं हे तिला माहीत होतं. आई पाहुण्यांपुढं बोलते हेही माहीत होतं, पण पाहुणे यायचे तेव्हा ती शाळेत असायची. विहिरीचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर तिनं आईला एकच प्रश्न विचारला, मला काठावर ठेवून तू उडी टाकलीस? सगुणाक्कांना उत्तर देता आलं नाही आणि तिनं फोन ठेवला. त्याला तीन महिने झाले. कांचन घरी आलेली नव्हती. सगुणाक्का दोनदा मिरजेला जाऊन आल्या, दोन्ही वेळा वसतिगृहाच्या बाईनं निरोप आणला की ती भेटत नाही म्हणते.

“मला दुसरं काय बी नको,” सगुणाक्का म्हणाल्या. “ती घरला याय पायजे.”

मी लीलाताईंकडं गेले. त्या साठीच्या होत्या, सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होत्या. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. पोरगी दोन महिन्यांत निवळेल असं त्यांचं मत. शनिवारी सगुणा बोलली नाही तर बावीस जणांना मी काय दाखवू, भिंती दाखवू का, असं त्यांनी मला विचारलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, “तू व्यवस्थापन शिकतेस ना? मग कर की व्यवस्थापन.”

करते, असं मी म्हणाले. इतक्या ठसक्यात, की त्या हसल्या.

गुरुवारी सकाळी मी पुस्तकातला उपाय घेऊन सगुणाक्कांच्या दारात हजर. नाव बदलू, गावाचं नाव बदलू, फोटो काढून टाकू. सगुणाक्का एका शेळीचा खूर हातात धरून तो साफ करत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“नाव बदलून काय उपेग? कांचनला तिची आई ठावं हाय न्हवं?” त्या म्हणाल्या. शेळीला सोडून दिलं, हात धुतले. “चला, तुमास्नी हीर दावते.”

गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं ती पायऱ्यांची जुनी विहीर होती. पाच आठवड्यांत मी तिचे दहा फोटो काढले होते, वरून. खाली उतरायची हिंमत झाली नव्हती, त्या गोष्टीमुळं. सगुणाक्का तरातरा उतरत निम्म्यावर गेल्या आणि एका पायरीवर बसल्या. मला शेजारी बसवलं. दगड ऊन लागून तापलेला होता.

“हितं बसलते,” त्या म्हणाल्या.

“आणि उडी कुठून टाकली?”

“उडी कुटली? म्या उडी टाकलीच न्हाई.”

माझं तोंड आयुष्यात फार थोड्या वेळा बंद पडलंय. त्यातली ही एक वेळ.

मग त्यांनी जे घडलं ते सांगितलं, आणि ते पाहुण्यांपुढं सांगत त्याच्या पाव भागही लांब नव्हतं. नवऱ्यानं काढलं, माहेरानं दार लावलं. दुपारी त्या विहिरीवर आल्या त्या जीव द्यायलाच, ते काही खोटं नाही. कांचनला मांडीवर घेऊन या पायरीवर बसून राहिल्या. ऊन कललं. झोपलेली कांचन जागी झाली आणि तिनं पाणी मागितलं. सगुणाक्का तिला कडेवर घेऊन खाली उतरल्या, ओंजळीनं पाणी पाजलं. ती प्यायली, अजून मागितलं. पाजता पाजता मन फिरलं. त्या वर आल्या आणि दिवस मावळायच्या आत चालत लीलाताईंच्या बालवाडीपर्यंत गेल्या. बस, एवढंच.

ते दोन मेंढपाळ मला पाच आठवडे का सापडत नव्हते ते आता कळलं. मी सगळा गाव पालथा घातला होता. ज्याला विचारावं तो म्हणायचा, असेल बाई, आपल्याला नाही माहीत. आणि शेळीच्या लेबलावरून चेष्टा करणारा गाव या उडीबद्दल कधी चकार शब्द काढत नाही, हे माझ्यासारख्या हुशार मुलीच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

“मग हे आलं कुठनं?”

“एक शिकाऊ पोरगी आलती, तुमच्यागत. चष्मेवाली. आट दिस माज्याच घरात ऱ्हायली. लई गुनाची. ती गेली, आनि वरसानं पुस्तक आलं. लीलाताईंनी वाचून दावलं. म्या म्हनलं, ताई, उडी न्हाई वो टाकली. त्या म्हनल्या, आता छापून आलंय, आनि टाकायलाच गेलीवतीस न्हवं? मला बी वाटलं, शिकल्याल्या मान्सानं लिवलंय. मग पावनं आलं की तसंच सांगत गेले.”

“कांचनला फोनवर का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? चौदा वर्सं म्याच सांगत आल्ये. आता न्हाई म्हनलं तर ती म्हनंल, तवा खोटं बोललीस, मग आत्ताचं खरं कशावरनं? तिला कागदानं सांगितलंय ताई. आता माज्या तोंडाचं ती ऐकायची न्हाई.”

कागद हवा होता. आणि कागदाच्या बाबतीत आमच्या अभ्यासक्रमाचा एक नियम होता, ज्याला आम्ही सगळे शिव्या घालायचो. क्षेत्रकार्यात रोज डायरी लिहायची, तीही खाली कार्बन घालून. वरची प्रत विभागाकडं, खालची संस्थेकडं, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून सुरुवात करायला नको. बोटं निळी व्हायची आणि पुढचा विद्यार्थी त्या डायऱ्या उघडतही नसे. मीही उघडल्या नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी मी लीलाताईंकडं कपाटाची किल्ली मागितली. त्यांनी कमरेची काढून दिली, का म्हणून विचारलं नाही. कपाटात वर्षावार गठ्ठे होते, जुन्या लुगड्यांच्या काठांनी बांधलेले. एक्क्याण्णवचा गठ्ठा सगळ्यांत खाली. त्यात एकच डायरी होती. नाव: अनुराधा बापट, द्वितीय वर्ष.

अकरा नोव्हेंबरच्या पानावर निळ्या कार्बनच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘आज सगुणा मला विहिरीवर घेऊन गेली. ती मुलीला मांडीवर घेऊन पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिली होती. मुलीला तहान लागली म्हणून उठले, असे म्हणाली. तीन ओंजळी पाणी पाजले.’ मी पान उलटलं. पुढच्या पानावर डायरी नव्हती, लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी केलेली टिपणं होती. ‘प्रसंग प्रभावी. पण शेवट कमकुवत वाटतो. उडी?’

बारीक, उभी अक्षरं. मी माझ्या पिशवीतून माझी पहिली केस स्टडी काढली. हो, ती मी सूड म्हणून बरोबर घेऊन हिंडायचे. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तेच तीन शब्द, तोच हात.

“बापट म्हणजे तुमच्या मॅडमच की,” लीलाताई दारातून म्हणाल्या. “लग्नाआधीच्या. तुला ठाऊक नव्हतं?”

नव्हतं, मी म्हणाले. त्या आत येऊन गठ्ठ्यांशेजारी बसल्या.

“तिला एकटीला धरू नकोस,” त्या म्हणाल्या. “ती बावीस वर्षांची होती. मी पंचेचाळीसची होते आणि मला खरं माहीत होतं. गोष्ट चांगली चालली, म्हणून मी गप्प बसले.”

क्षेत्रकार्याचे दोनशे गुण मॅडमच्या हातात होते. हे मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. पण एक कप चहा पिऊन होईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. संमतीपत्र मी दिलं होतं. येतं, असं छातीठोकपणे मी म्हणाले होते. आता माझा शब्द मलाच खरा करायचा होता.

शनिवारी साडेनऊला मिनी बस आली. पोरं उतरून शेळ्यांचे फोटो काढायला धावली. मॅडम उतरल्या, सुती साडी, चष्मा, खांद्याला झोळी. चहाच्या आधी दोन मिनिटं हवीत, असं म्हणून मी त्यांना कपाटाच्या खोलीत नेलं आणि ते पान उघडून हातात दिलं.

त्यांनी उभ्यानं वाचलं. पान उलटलं. मग पत्र्याच्या पेटीवर बसल्या.

“तुला काय हवंय, शलाका?”

“मला काही नको. सगुणाक्कांनी कलम आठ वापरलंय. केस परत घ्यायची आहे.”

त्यांनी ते पान पुन्हा उलटून पाहिलं. मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. “मॅडम, कलम तुमचंच आहे. आमच्याकडनं दहा वेळा लिहून घेतलंय तुम्ही.”

“हो.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “का लिहून घेत असेन, असं वाटतं तुला?”

मग हळूहळू उजेड पडला. पंधरा वर्षांत त्या करंजाळला फिरकल्या नव्हत्या. नोकरीला लागल्यावर त्यांनी केलेलं पहिलं काम म्हणजे तो नमुना, हे त्या स्वतःच वर्गात अभिमानानं सांगायच्या.

“कुणीतरी, कधीतरी ते वापरेल असं मला वाटायचं,” मॅडम म्हणाल्या. “आपण होऊन इथं यायचा धीर माझ्यात नव्हता.”

माझ्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. गिळलं. ज्यांना मी वर्षभर घाबरत आले आणि ज्यांच्याशी मनातल्या मनात भांडत आले, त्या बाई पत्र्याच्या पेटीवर चष्मा हातात धरून बसल्या होत्या, आणि मला त्यांची फार दया आली. मी त्यांना कांचनचं सगळं सांगितलं. फलक, फोन, वसतिगृहाचं दार. त्या ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, “ती माझ्या मांडीवर झोपायची.” मग उठल्या. “मिरजेला किती वेळ लागतो?”

अंगणात सगुणाक्का सवयीनं आपल्या जागेवर येऊन बसल्या होत्या, पण कनवटीला तो कागद होता. मॅडमना बघून त्यांनी डोळे बारीक केले.

“अगं बया, अनुताई! चष्मा बदललासा जनू.”

मॅडम त्यांच्यासमोर खाली मातीत बसल्या आणि पोरांसमोरच, आवाज न चोरता, आपण काय लिहिलं ते बोलल्या. बावीस कॅमेरे खाली झाले. सगुणाक्कांनी सगळं ऐकलं.

“तुमी लिवलं, म्या सांगितलं,” त्या म्हणाल्या. “आता दोगी बी मिरजंला जाऊ.”

पोरांना लीलाताईंनी ताब्यात घेतलं. भिंती दाखवायची वेळ त्यांच्यावर आली नाही. ती उडी कशी छापून आली आणि आपण कशा गप्प बसलो, हे त्यांनी पुढचे दोन तास पोरांना सांगितलं, असं नंतर कळलं. संस्था चालवण्याचा याहून चांगला तास आमच्या विभागात कधी झाला नसेल. आम्ही तिघी बावीस जणांच्या रिकाम्या बसमधून मिरजेला निघालो. वाटेत सगुणाक्का दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या.

वसतिगृहाच्या बाईनं नेहमीचं सांगायला तोंड उघडलं, त्याआधीच मी पुढं झाले. संस्थेच्या व्यवस्थापनाकडून आलेय, महत्त्वाचा कागद आहे, कांचन कोळेकर यांनाच द्यायचाय. माझा आवाज ऐकून ती बाई उठून आत गेली.

भेटायच्या खोलीत एक लोखंडी बाक, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात माठ होता. कांचन पांढऱ्या गणवेशात आली. आईला बघून दारातच थांबली. आमच्याकडं दारात आलेल्या परक्या माणसालाही आधी पाणी विचारतात, अडीच तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला तर नक्कीच. तिनं विचारलं नाही. सगुणाक्कांची नजर माठाकडं गेली आणि परत आली.

मॅडमनी आपलं नाव सांगितलं. एक्क्याण्णव साली मी तुमच्या घरी राहिले होते, फलकावरची ओळ माझी आहे आणि ती खोटी आहे, एवढंच म्हणून त्यांनी डायरी पुढं केली. कांचननं ती घेतली, बाकाच्या टोकाला बसली आणि वाचायला लागली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, अगदी आईसारखं. अकरा नोव्हेंबरचं पान तिनं दोनदा वाचलं. मग उलटलं.

“‘शेवट कमकुवत वाटतो’ म्हणजे काय?” तिनं मॅडमना विचारलं.

“म्हणजे जे खरं घडलं, ते मला पुरेसं वाटलं नाही.”

कांचन आईकडं वळली. “ह्यांनी एकदा लिहिलं. तू का सांगत राहिलीस?”

“उडीपाशी आलं की समदी रडायची,” सगुणाक्का म्हणाल्या. “मला वाटलं, आपून बरं सांगतोय.”

बाहेर मुलींचा घोळका हसत गेला. कांचननं डायरी मिटली, पण एक बोट त्या पानात तसंच ठेवलं.

“मी तीन ओंजळी प्याले?”

“तीन. आनि आनकी मागत व्हतीस.”

“तू मला मांडीवरनं खाली ठेवलंवतंस? काठावर?”

“न्हाई. यकदा बी न्हाई.”

कांचन उठली. आम्हांला पाठ करून ती माठाजवळ गेली आणि तिथंच उभी राहिली, इतका वेळ की मला वाटलं ती रडतेय. रडत होती. मग तिनं पेला भरला आणि आणून आईसमोर धरला. सगुणाक्का एका दमात प्यायल्या आणि पेला परत दिला. तिनं पुन्हा भरला. पुन्हा. तीन पेले झाले, तरी सगुणाक्का नको म्हणाल्या नाहीत.

मग तिनं मला दिला. मग मॅडमसमोर धरला. मॅडम हात पुढं करेनात. कांचन पेला तसाच धरून उभी राहिली. शेवटी मॅडमनी तो घेतला.

प्रदर्शनांत लागणारा तो फलक त्याच आठवड्यात उतरला आणि केस क्रमांक सात संग्रहातून गेली. मॅडमनी तिच्या जागी दुसरी घालू दिली नाही. त्यांनी विभाग सोडल्यावर त्यांचा विषय माझ्याकडं आला. आमच्या संग्रहात सहानंतर थेट आठ येते आणि दरवर्षी नवी तुकडी मला विचारते, मॅडम, सात कुठं आहे? इतकी वर्षं मी सांगत होते, ज्यांची होती त्यांनी परत नेली.

हे लिहून झाल्यावर मी करंजाळला गेले. सगुणाक्कांना आता चष्मा लागलाय. दारातल्या बाजेवर बसून त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळं मोठ्यानं वाचलं. कांचन सुट्टीला आली होती, ती उंबऱ्यात बसून ऐकत होती. शेळीच्या लेबलाचं आलं तिथं दोघी हसल्या. वाचून झाल्यावर मी संमतीपत्र पुढं केलं. सगुणाक्कांनी तेही वाचलं, पण आठव्या कलमापाशी थांबल्या.

“हे आजून खरं हाय न्हवं?”

“आहे.”

“मग आसू दे तुमच्याकडं,” त्या म्हणाल्या आणि सही केली.